एका जुन्या जावाची दुरुस्ती



या व्याख्यानमालेचे चिटणीस विषय विचारण्यास आमच्या घरी आले, तेव्हा आम्ही नव्या श्रमसंहितांवर बोलू अशी त्यांची अटकळ होती. आम्ही म्हणालो, "या खेपेस मोटारसायकलीवर बोलू." त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि आमची प्रकृती कशी आहे, अशी चौकशी केली. प्रकृती ठीक आहे. संहितांवर आम्ही वर्षभर कारखान्यांच्या दारांत बोलतच असतो. आज जे सांगावयाचे आहे ते दारात उभे राहून सांगता येण्यासारखे नाही. कारण त्यात चूक आमची आहे.

मोटारसायकल म्हणजे १९६७ सालची जावा. आज ती मंडपाबाहेर उभी आहे, टेम्पोतून आणली आहे. टेम्पोतून का, ते पुढे येईल.

तरुण श्रोत्यांसाठी थोडी कुळकथा. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक नावाचा शस्त्रांचा कारखानदार होता. त्याने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचा आराखडा विकत घेतला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव केले. आपल्याकडे म्हैसूरला आयडियल जावा कंपनीच्या कारखान्यात १९६१ पासून ती तयार होऊ लागली. १९७३ पासून तिचे नाव 'येझदी' झाले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक. नावाखेरीज जुन्या गाडीशी त्यांचे नाते फारसे नाही. जुन्या जावाला एकच सिलिंडर, २४९ सी.सी.चा, पण सायलेन्सर मात्र दोन. किकचा दांडा तोच गिअरचा दांडा: आत दाबून फिरवला की किक, खाली पाडला की गिअर. असली काटकसर आम्हांस आवडते.

ही विशिष्ट गाडी आमच्या युनियनच्या एका जुन्या सेक्रेटरींची. त्यांनी ती जुनीच घेतली होती. पलूस, कुंडल, बुर्ली, आमणापूर, गावोगावचे कामगार गाठायचे ते याच गाडीवरून. आम्ही विशीत युनियनमध्ये आलो, तेव्हा ती गाडी आम्ही फक्त ऐकली होती, पाहिली नव्हती. १९८० च्या दशकात तालुक्याबाहेरच्या एका कारखान्यात लांबलेला संप झाला. त्या संपात जोंधळ्यासाठी पैसे हवेत म्हणून त्यांनी ती सावकाराकडे ठेवली. संप मोडला, गाडी सुटली नाही. सेक्रेटरी पुढे सायकलीवरून फिरले, आणि काही वर्षांनी वारले. तीस-पस्तीस वर्षे गाडी सावकाराच्या गोठ्यात वैरणीखाली पडून होती. सावकाराच्या नातवाने गोठा पाडावयास काढला, तेव्हा आम्हांस निरोप आला: भंगारवाला येण्याआधी या.

सेक्रेटरींच्या पत्नी, आमच्या काकू, मळ्यातल्या वस्तीवर राहतात. गाडी मिळाल्याचे सांगितले तेव्हा त्यांनी ट्रंकेतून नोंदणीचे पुस्तक काढले. कापडात गुंडाळलेले होते. येत्या खंडेनवमीला गाडी चालवीत तुमच्या दारी आणतो, असे आम्ही त्यांना सांगून बसलो. आम्हां पुढाऱ्यांची ही खोड. तारीख आधी जाहीर करावयाची आणि तयारी मागाहून.

इंजिन आम्ही घरी खोलले. आम्ही म्हणजे आम्ही आणि दोन तरुण, एक फिटर, एक आय. टी. आय.चा विद्यार्थी. पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून बसला होता. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून आठ दिवस ठेवले, मग लाकडाचा ठोकळा लावून हळूहळू हलवला. लोखंडी हातोडीला आम्ही बंदी घातली होती. प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या काडेपेटीत, पेटीवर चिठ्ठी. सायलेन्सरांत इतका कोळसा साचला होता की सळई जात नव्हती. कॉस्टिक सोडा घालून ते साफ केले. नवी बेअरिंगे केसिंगमध्ये बसवावयाची तर ठोकून बसवू नयेत. ॲल्युमिनियमचे केसिंग स्वच्छ धुऊन, रॉकेलचा वासही जाईपर्यंत वाळवून, ते तापवावे आणि बेअरिंग गार करून वरून सोडावे. आपोआप जागेवर बसते. आमच्या घरी केसिंग भाकरीच्या तव्यावर तापले, आणि बेअरिंगे रात्रभर फ्रीजमध्ये दह्याशेजारी होती. यावरून घरात जे बोलणे झाले ते येथे सांगण्याचे कारण नाही. जिकोव्हचा कार्ब्युरेटर पुण्याच्या जुन्या बाजारात तिसऱ्या खेपेस मिळाला.

सिलिंडरचे काम मात्र घरचे नव्हे. त्यासाठी आम्ही तात्यांकडे गेलो. तात्या एका कारखान्यात बत्तीस वर्षे बोअरिंग मशिनवर होते, आता घराच्या पडवीत लहानमोठी कामे करतात. मूळ बोअर ६५ मिलिमीटर. तात्यांनी आधी बोट आत फिरवले आणि म्हणाले, "खाली चांगलाय, वर पोट सुटलंय." मग गेज लावले. गेजाने तेच सांगितले. ६५.५० चा पिस्टन घालावयाचे ठरले.

सिलिंडर परत देताना तात्यांनी टेबलावरची क्रॅंकची दोन ऑईल सील उचलली. एकाच्या कडेवर नख दाबले आणि आमच्यापुढे धरले. "पुढारी, सील नवी घाला. ही मेल्यात."

आम्ही पाहिले. फाटलेली नव्हती, चीर नव्हती, काळी कुळकुळीत होती. त्या मापाची नवी सील सांगलीत मिळाली नव्हती, मागवावयाची तर दोन आठवडे, आणि खंडेनवमी सहा दिवसांवर. आम्ही म्हणालो, "तात्या, चालतंय." तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी सील फडक्यावर ठेवून दिली.

टू-स्ट्रोक इंजिनाची सारी खुबी येथे आहे, म्हणून दोन शब्द. फोर-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोल आत घ्यावयास आणि धूर बाहेर सोडावयास झडपा असतात. खाली तेलाची टाकी असते. टू-स्ट्रोकमध्ये झडपा नाहीत. इंग्लंडमधील बाथ येथल्या जोसेफ डे याने १८९१ च्या सुमारास जी युक्ती काढली ती अशी, की पिस्टनच्या खालची क्रॅंककेसच पंप म्हणून वापरावयाची. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते, तीत मिश्रण ओढले जाते. पिस्टन खाली येताना ते दाबले जाऊन बाजूच्या वाटेने वर चढते आणि जळालेला धूर पुढे ढकलते. प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. हलणारे भाग थोडे, दुरुस्ती सोपी, म्हणून ती कामगाराची आणि शेतकऱ्याची गाडी झाली. पण खाली तेलाची टाकी ठेवता येत नाही, म्हणून तेल पेट्रोलातच मिसळावे लागते. लिटरला ४० मिलिलिटर, नव्या बोअरला ५०. आणि नवे मिश्रण आत येताना त्याचा मोठा हिस्सा न जळताच धुराबरोबर निसटतो. धुराच्या नियमांनी या इंजिनाला रस्त्यावरून काढले, यात आम्हांस अन्याय वाटत नाही. फौंड्रीतल्या माणसांच्या छातीचे फोटो आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आता हा पंप चालावयाचा तर क्रॅंककेस हवाबंद पाहिजे. क्रॅंकचा दांडा दोन्ही बाजूंनी बाहेर येतो, तेथे रबराची सील असतात. जावाच्या डाव्या बाजूचे सील गेले तर क्लचकडचे तेल आत ओढले जाते आणि गाडी पांढरा धूर ओकते. ते निदान दिसते तरी. उजव्या बाजूचे, डायनामोकडचे गेले तर नुसती हवा आत येते. हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि पेट्रोलाबरोबर येणारे तेलही कमी. पिस्टन तापतो, फुगतो, आणि सिलिंडरला धरतो. बाहेरून काही दिसत नाही. उलट इंजिन आपोआप चढ्या आवाजात फिरू लागते.

खंडेनवमीच्या सकाळी आमची जावा तशीच चढ्या आवाजात फिरत होती. आम्ही त्या आवाजाला तब्येत समजलो! नोंदणीचे काम व्हावयाचे असल्यामुळे हमरस्ता टाळून मळ्यातल्या पाणंदीने निघालो. हॅण्डलला झेंडूची माळ. द्राक्षबागांच्या मधून अर्धी वाट गेलो आणि मागचे चाक एकाएकी जागच्या जागी थांबले. क्लच दाबेपर्यंत आम्ही बांधावर होतो. गुडघा फुटला, तो भरून आला. इंजिन लोखंडाच्या ठोकळ्यासारखे झाले होते. एका बागाईतदाराच्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतून माळेसकट गाडी घरी आली. काकूंनी दाराशी रांगोळी काढून ठेवली होती, हे आम्हांस संध्याकाळी कळले.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर घेऊन तात्यांकडे गेलो. बोअरच्या भिंतीला ॲल्युमिनियम चोपडले होते, पिस्टनवर उभे ओरखडे. तात्या रागावतील म्हणून आम्ही उत्तरे जुळवून गेलो होतो. ते रागावले नाहीत. उजव्या बाजूचे जुने सील त्यांनी हातात घेतले, पुन्हा नख दाबले. नखाची खूण तशीच राहिली. जिवंत रबर परत वर येते. "त्या दिवशी हेच दाखवलं होतं," एवढेच ते म्हणाले.

श्रोतेहो, आम्ही तीस वर्षे काय भाषण करीत आलो? मशिनवरचा माणूस सांगतो ते मालक ऐकत नाही. मशिन बिघडण्याच्या महिनाभर आधी कामगाराला आवाज कळतो, पण त्याला कोणी विचारत नाही. हे भाषण आम्हांस पाठ आहे, टाळ्या कोठे पडतात तेही ठाऊक आहे. आणि तात्यांनी डोळ्यांपुढे नख दाबून दाखवले, तेव्हा आम्ही तारखेकडे पाहिले. घाईत असलेला मॅनेजर जे करतो तेच, आणि तोच शब्द वापरून: चालतंय.

याहून अवघड गोष्ट पुढची. तात्या ज्या कारखान्यात होते तेथले पगाराचे दोन करार आम्ही स्वतः बोलणी करून केले आहेत. घरी येऊन आम्ही ते कागद काढले. बोअरिंग मशिनवरच्या कामगाराविषयी त्यात एक ओळ आहे: श्रेणी आणि तिचा आकडा. भत्ता, बोनस, रजा यांवर आम्ही रात्री जागवल्या, आणि त्याचे समाधान आजही आहे. त्या पैशांनी मुले शिकली. पण बोटाने बोअर ओळखणारा हात निवृत्त होताना त्याने कोणाला शिकवून जावे, त्यासाठी त्याला वेळ आणि मोबदला मिळावा, ही मागणी आमच्या एकाही मागणीपत्रकात नाही. ती मालकाने नाकारली असे नव्हे. आम्ही ती मांडलीच नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० साली औंध संस्थानच्या या माळावर येऊन कारखाना काढला, हे आपण शाळेत शिकतो आणि ते शिकण्याजोगेच आहे. त्या माळावर आणि आसपास पुढे ज्यांचे हात तयार झाले त्या शेकडो मोल्डरांची, टर्नरांची विद्या मात्र कोठे लिहिलेली नाही. ती त्यांच्याबरोबर पेन्शनीत जाते. आता तो आय. टी. आय.चा मुलगा शनिवारी तात्यांच्या पडवीत बसतो. तात्या त्याला आधी आठवडाभर नुसती जुनी सिलिंडरे चाचपावयास लावतात. तो कंटाळतो, पण जातो.

सील मागवली. दोन आठवडे म्हणाले होते, पाच लागले. बोअर ६५.७५ वर गेला. रंगाविषयी आमच्या तिघांत भांडण झाले. पोरांना टाकी नव्यासारखी लाल करून हवी होती. गंज घासताना टाकीच्या बाजूला ब्रशने काढलेली युनियनची आद्याक्षरे निघाली, अर्धी उडालेली. आम्ही टाकीला हात लावू दिला नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळे नियम केले आहेत: 'व्हीए' मालिकेचा क्रमांक, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पण मग ती प्रदर्शनात, जुन्या गाड्यांच्या फेरीत वगैरेच न्यावयाची, रोजच्या वापरास नाही. ज्या गाडीने रोज चार गावे करून भाकरी खाल्ली तिला प्रदर्शनात बसवावयास आमचे मन होईना. साध्या नोंदणीचे थकलेले नूतनीकरण आणि वारसाचे कागद चालू आहेत; तोवर हमरस्त्याला टेम्पो.

संक्रांतीला पुन्हा त्याच पाणंदीने निघालो. या वेळी तात्या आधी येऊन इंजिनाजवळ कान लावून पाच मिनिटे बसले होते. काकू अंगणात उभ्या होत्या. गाडी दारात आणून उभी केली, आवाज चालू ठेवला. त्यांनी ऐकला आणि म्हणाल्या, "ह्यांची गाडी यवढा धूर काढत नव्हती." तेल जास्त घातले आहे, नवा बोअर आहे, असे आम्ही समजावून सांगितले. त्यांनी तिळगूळ दिला. मग आत जाऊन त्या नोंदणीचे पुस्तक घेऊन आल्या. त्यात घडी घातलेली एक चिठ्ठी होती. सावकाराची, दोन हजार रुपयांची, सेक्रेटरींच्या सहीची.

"ह्ये पैसे युनियननं कवा फेडलं?" त्यांनी विचारले.

आम्ही घरी येऊन त्या सालापासूनची जमाखर्चाची पुस्तके काढली. जोंधळ्याचा खर्च लिहिलेला आहे, किती पोती, कोणत्या गावी, सारे नीट. जमेच्या बाजूला त्या दिवशी 'किरकोळ वर्गणी, रु. २०००' असे आहे. नाव नाही. परतफेडीची नोंद पुढे कोठेही नाही. म्हणजे सेक्रेटरींनी स्वतःची गाडी ठेवून आणलेले पैसे आम्ही चाळीस वर्षे वर्गणी म्हणून बाळगले. ती पुस्तके दर वर्षी तपासली जातात, आणि गेली बारा वर्षे त्यांवर आमची सही आहे.

कार्यकारिणीची बैठक येत्या रविवारी आहे. विषयपत्रिकेवर हा विषय पहिला ठेवला आहे. त्यावर व्याज किती धरावयाचे, याबद्दल सभासदांत आताच दोन मते आहेत.