दाराजवळची जागा
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



चंद्रपूर-गडचिरोलीचा तरुण नागपूरहून स्वस्त विमानाने मुंबई गाठतो, तेव्हा प्रत्येक सोयीचा दर त्याला कळतो. खिडकीला वेगळे पैसे, पाय पसरायला आणखी. सर्वांत ऐसपैस जागा संकटकालीन दरवाजाजवळ असते. पण तिथे नुसते पैसे पुरत नाहीत. प्रसंगी दार उघडून इतरांना बाहेर पडण्यास मदत करण्याची तयारी व ताकद लागते.

याच्या शेजारी दुसरा हिशेब मांडावा. १९७४ मध्ये रेल्वेचा तिसरा वर्ग गेला, लाकडी फळ्या मात्र राहिल्या. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळ्यांवर दोन इंच फोम बसविण्यास प्रारंभ केला. मोजक्यांना उत्तम जागा विकण्याऐवजी त्यांनी सर्वांची साधी जागा सुधारली.

आणि एटापल्ली तालुक्यातील गर्देवाडा? तिथे अहेरीहून एसटी सुरू झाली १ जानेवारी २०२५ रोजी, स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. तोवर कोणती जागा निवडावी, हा प्रश्न तिथल्या आदिवासी माणसापुढे कधी आलाच नाही.

शिक्षण आणि पगार लाभलेल्यांना समाजात दाराजवळची जागा मिळालेली आहे. विमानातील अट त्यांनाही लागू व्हावयास हवी. ज्या गावांना अजून बस नाही, त्यांची यादी घेऊन ग्रामस्थांसह एसटीच्या आगारात जाणे, हे दार उघडण्याचे पहिले काम होय.