लहान कार्याची शिस्त



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां आम्ही जाणूनबुजून एक रुक्ष विषय निवडला आहे. ज्युबिलीचें वर्ष आलें कीं प्रत्येक पॅरिशमध्यें लहान-लहान कामें निघतात: चर्चचें छप्पर, शाळेची भिंत, विहिरीचा कठडा, स्मरणिकेची छपाई. त्यासाठीं जमणारा पैसा मात्र लहान म्हणतां येत नाहीं. तो ऊसतोडीच्या मजुरींतून व कापूसवेचणीच्या रोजांतून आलेला असतो. असें काम फसलें तर रुपयांबरोबर परस्परांवरील विश्वासहि बुडतो, आणि पुढच्या वर्गणीच्या वेळीं तो मागून मिळत नाहीं. म्हणून लहान कामें कोणत्या शिस्तीनें चालवावीं, याचा आज विचार करूं.

मोठ्या कार्यांची शिस्त जगानें चांगली बसविली आहे. अमेरिकन इंजिनिअर हेन्री गँट यांनीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत, कोणतें काम केव्हां सुरू होऊन केव्हां संपावें हें आडव्या पट्ट्यांनीं दाखविण्याची रीत रूढ केली; तो तक्ता आजहि त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. १९५७ सालीं ड्युपाँट या रासायनिक कंपनीसाठीं 'क्रिटिकल पाथ' म्हणजे निर्णायक मार्गाची पद्धति निघाली. ज्या कामांस एक दिवस उशीर झाला कीं सबंध कार्यासच एक दिवस उशीर होतो, अशा कामांची साखळी तींत शोधून काढतात. पुढच्याच वर्षीं अमेरिकन आरमाराच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठीं 'पर्ट' ही तशीच दुसरी पद्धति जन्मास आली. अशा प्रयत्नांतून प्रकल्प-व्यवस्थापनाचें शास्त्र उभें राहिलें. कार्याची लेखी व्याप्ति, कामांची फोड, वेळापत्रक, अंदाजपत्रक, धोक्यांची यादी, बदलांची नोंद, टप्प्याटप्प्याची मंजुरी, असे अनेक कागद त्यांत असतात.

आतां दहा माणसांनीं तीन आठवड्यांत उरकावयाच्या कामास हे सारे कागद लावले तर काय होईल? लिहिण्यांतच पंधरवडा जाईल आणि माणसें कंटाळून घरीं बसतील. नाकापेक्षां मोती जड होईल. म्हणून पुष्कळ लोक दुसऱ्या टोकास जातात व म्हणतात, "एवढ्याशा कामाला योजना कशाला? करतां करतां उमजेल." उमजतें खरें, पण बहुधा पैसे संपल्यावर.

मग किती शिस्त घ्यावी आणि किती सोडावी? बहुतेक लोक हें कामाच्या आकारावरून ठरवितात. आमच्या मतें आकार हें पुरें माप नव्हे. केलेलें काम चुकल्यास परत फिरवितां येईल कीं नाहीं, हें खरें माप होय. याची साक्ष आपल्याच जिल्ह्यांतील अजिंठ्याचीं लेणीं देतात.

वाघोरा नदीच्या नालाकृति दरींत सुमारें तीस लेणीं आहेत. कांहीं इसवी सनापूर्वीचीं, तर बहुतेक पांचव्या शतकांतील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचीं. सोळावें लेणें हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानें करविलें, असें तेथील शिलालेखच सांगतो. म्हणजे अजिंठा ही निरनिराळ्या दात्यांच्या निरनिराळ्या कामांची माळ आहे. बांधकामांत चुकलेला दगड काढून दुसरा बसवितां येतो. कोरीव कामांत छिन्नीनें उडविलेला दगड कोणालाहि परत लावतां येत नाहीं. म्हणून तेथें क्रमाला मोठा मान होता. छताकडून खालीं कोरीत यावयाचें, म्हणजे उंच परांची लागत नाहीं, आणि वरून पडणाऱ्या दगडानें खालचें तयार काम बिघडत नाहीं. चोविसावें लेणें अपुरें राहिल्यामुळें तेथें ही रीत उघड दिसते. आधीं खडकांत लांब चर खणावयाचे, मधल्या भिंती राखावयाच्या, आणि मग त्या फोडून दालन मोकळें करावयाचें. चौथ्या लेण्याच्या छतांत खडकाचा दोष निघाला, तेव्हां अधिक वर कोरून छत उंच नेण्यांत आलें. धोका दिसतांच योजना बदलणें, हाहि शिस्तीचाच भाग आहे.

त्याच लेण्यांत पुढें झालेलीं कांहीं कामें आकारानें याहून पुष्कळ लहान होतीं. १८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें मद्रास लष्करांतील अधिकारी रॉबर्ट गिल यांस भित्तिचित्रांच्या नकला करण्यास नेमलें. त्यांनीं वर्षानुवर्षें खपून केलेलीं तैलचित्रें लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलीं होतीं. १८६६ सालच्या आगींत तीं बहुतेक सर्व जळालीं. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह तेंच काम पुनः आरंभिलें. १८८५ सालीं लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील आगींत त्यांच्याहि पुष्कळ नकला गेल्या. चित्रकारांच्या हातांत कसूर नव्हती. एवढे श्रम एकाच छपराखालीं ठेवावे काय, हा एका ओळीचा प्रश्न मात्र या दोन आगींनीं आपणांस शिकविला आहे.

त्याहून बोलका दाखला वार्निशाचा. चित्रें स्पष्ट दिसावीं म्हणून एकोणिसाव्या शतकांत भिंतींवर वार्निश चढविण्यांत आलें. कालांतरानें तें पिवळें पडून मूळ रंग झांकोळले. १९२० नंतर निजाम सरकारनें लोरेंझो चेक्कोनी व ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस बोलावून चित्रांची सफाई व डागडुजी करविली. त्यांनीं वापरलेल्या लाखेच्या लेपाचीहि पुढच्या पिढ्यांस काळजी करावी लागली. ब्रशानें एक हात फिरविणें हें केवढें लहान काम! पण तो हात उतरविण्यास अनेक वर्षें लागलीं.

यावरून आम्ही असा नियम काढतों: जेथें मागें फिरतां येतें तेथें शिस्त सैल असावी, जेथें मागें फिरतां येत नाहीं तेथें, काम कितीहि लहान असो, ती मोठ्या कार्याइतकीच कडक असावी.

समजा, चर्चच्या छपराचीं कौलें बदलावयाचीं आहेत. एकाच कागदावर पांच प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं. काय करावयाचें, आणि काय करावयाचें नाहीं? कौलें व कुजलेले वासे बदलावयाचे. रंगकाम यांत नाहीं. शेवटचा शब्द कोणाचा? तेथें एकाच व्यक्तीचें नांव असावें. समितीचें नांव चालणार नाहीं. कामांचा क्रम कोणता? मापें, लांकूड, उतरविणें, वासे, मग नवीं कौलें; यांतील लांकूड अडलें कीं सारेंच अडतें, म्हणून लक्ष तेथें ठेवावें. पैसा किती, व त्यांतून अडीअडचणीस राखून किती ठेवावयाचा? आणि शेवटीं, काय बिघडूं शकेल? मृगाचा पाऊस.

मग या कागदावर, ज्या पायरीवरून मागें येतां येत नाहीं तिच्यापुढें लाल खूण करावी. येथें अशा दोन पायऱ्या आहेत: आगाऊ रक्कम देणें व जुनीं कौलें उतरविणें. दर लेखी आल्याशिवाय व दोघांच्या सह्या झाल्याशिवाय रक्कम देऊं नये. सर्व लांकूड व कौलें आवारांत येऊन दोघांनीं मोजल्याशिवाय एकहि जुनें कौल काढूं नये. बाकी सारें खुशाल सैल सोडावें. साप्ताहिक अहवालाऐवजीं रविवारच्या मिस्सेनंतर उभ्याउभ्या पांच मिनिटें बोलावें. रंगीत तक्त्याऐवजीं भिंतीवरील दिनदर्शिका पुरे. योजनेंत बदल झाला तर त्याच कागदाच्या पाठीवर तारखेसह एक ओळ लिहावी.

आणखी एक फरक लक्षांत ठेवावा. कारखान्यांत वेळापत्रक वरून ठरतें व मजूर तें पाळतो. आपल्याकडे काम करणारा स्वखुशीनें येतो. त्याला पेरणी आहे, घरचें लग्न आहे, ऊसतोडीस परगांवीं जाणें आहे. त्यास तारीख लावून देऊं नये. तारीख त्यालाच विचारावी, व त्यानें सांगितलेलीच लिहावी. स्वतःच्या तोंडची तारीख मनुष्य अधिक पाळतो.

कोणी म्हणेल, "हीं सेवेचीं कामें, येथें कागद मागणें म्हणजे अविश्वास नव्हे काय?" आम्हांस उलट वाटतें. कागदाची गरज लबाडापेक्षां प्रामाणिक मनुष्यास अधिक असते. हिशेब ठेवणाऱ्यास दोन वर्षांनीं कोणी प्रश्न विचारला, तर त्या वेळीं त्याचा चांगुलपणा पुरा पडत नाहीं. दोन सह्यांचा कागद पुरा पडतो. तो कागद त्याच्या अब्रूची ढाल आहे.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला आपण सर्वांनीं ऐकला आहे. त्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, एवढें तेथें सांगितलें आहे. किती वेळ बसावें, हें आपणांवर सोपविलें आहे. पोलॅरिससाठीं इंजिनिअरांस वर्षें बसावें लागलें. आपल्या छपरासाठीं एक संध्याकाळ व एक कागद पुरे. ती संध्याकाळ मात्र चुकवूं नये, इतकी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.