टंचाई आणि मागणी : ई-बुक रीडरच्या आरंभीच्या विक्रीचा विचार



एखादा जिन्नस बाजारात येताच संपला, की त्याला अपार मागणी आहे असे अनुमान आपण सहज काढतो. परंतु माल संपणे ही घटना मागणी आणि पुरवठा या दोन राशींवर अवलंबून असते, आणि त्यांतील दुसरी राशी जोवर विक्रेत्याच्या दप्तरात बंद आहे, तोवर पहिलीविषयी निश्चयाने बोलणे युक्त नव्हे.

ॲमेझॉन कंपनीने आपले ‘किंडल’ हे ई-बुक वाचण्याचे यंत्र १९ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत विक्रीस काढले. किंमत ३९९ डॉलर, म्हणजे मुळीच अल्प नव्हे. तरीही जवळचा सारा साठा साडेपाच तासांत संपला, आणि पुढचा एप्रिल सरत येईपर्यंत ते यंत्र पुन्हा शिलकीत आले नाही. भेटवस्तूंच्या व्यापाराचा ऐन हंगाम, नाताळ, रिकाम्या वखारीनिशी गेला.

ही टंचाई बुद्धिपुरस्सर घडविली असावी, हा संशय मला ग्राह्य वाटत नाही. आरंभीच नव्वद हजार पुस्तके ज्याने विक्रीस मांडली, त्याचा खरा नफा पुढे वर्षानुवर्षे होणाऱ्या पुस्तकविक्रीत असतो, आणि ज्याच्या हाती यंत्रच पडले नाही तो गिऱ्हाईक त्यासाठी एकही पुस्तक घेत नाही. शिवाय त्या यंत्राचा पडदा मॅसॅच्युसेट्समधील ई-इंक कंपनीच्या पटलापासून तैवानात सिद्ध होत असे. असे कारखाने इतके थोडे, की मागणी वाढली म्हणून उत्पादन महिन्याभरात दुप्पट करणे शक्य नव्हते. त्यातच सोनी कंपनीच्या २००४ सालच्या ‘लिब्रिए’ या तशाच यंत्राला जपानात यश लाभले नव्हते, तेव्हा पहिली मागणी नोंदविताना कोणीही हात आखडता घेतला असता.

२००८ च्या ऑक्टोबरात लोकप्रिय अमेरिकन निवेदिका ओप्रा विन्फ्री यांनी दूरदर्शनवर किंडलची मुक्तकंठाने स्तुती केली आणि नाताळापूर्वीच साठा पुन्हा संपला. नव्या गिऱ्हाइकांना फेब्रुवारी २००९ मधील दुसऱ्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. ते थांबले, कारण दूरसंचाराच्या तारेवाचून जागच्या जागी पुस्तक उतरवून देणारे तोलाचे दुसरे यंत्र तेथे नव्हते. याउलट २००९ मध्ये बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यांचे २५९ डॉलरचे ‘नूक’ मागणीस पुरे पडेना आणि नव्या गिऱ्हाइकांना जानेवारीची मुदत मिळू लागली, तेव्हा प्रतिस्पर्धी किंडल मात्र विक्रीस सिद्ध होते. पर्याय नसेल तेथे टंचाई विक्री केवळ लांबणीवर टाकते. पर्याय समोर असेल तेथे ती गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारी रवाना करते. हा भेद लक्षात न घेता दोन्ही प्रसंगांना सारखेच यश समजणाऱ्यांचा हिशेब मला चुकीचा वाटतो.

आणि त्या साडेपाच तासांत नेमकी किती यंत्रे विकली गेली, तो आकडा ॲमेझॉनने आजवर जाहीर केलेला नाही.