खडीच्या वाटा आणि सायकलस्वार
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



डांबरी सडक सोडून मुरमाच्या, खडीच्या वाटेने सायकलवरून रानोमाळ हिंडण्याचा छंद गेल्या दोन दशकांत जगभर वाढीस लागला आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या लहानशा गावी २००६ साली अशा रस्त्यांवरील एक शर्यत सुरू झाली. तिचे मुख्य अंतर २०० मैलांचे. परंतु पुढे तिच्या जोडीने १००, ५० आणि २५ मैलांचेही मार्ग आखले गेले, आणि केवळ कसलेल्या शर्यतपटूंसाठी नव्हे, तर सामान्य माणसांसाठीही ती वाट खुली झाली. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. एकाच प्रदेशातून निरनिराळ्या कुवतीच्या स्वारांसाठी निरनिराळे मार्ग आखावयाचे, ही यातील घेण्याजोगी गोष्ट होय.

महाराष्ट्राच्या खेड्यास हा प्रकार नावाने नवा असला तरी अनुभवाने जुनाच आहे. दुधाच्या किटल्या लावून पहाटे निघणारा गवळी आणि टपालाची पिशवी अडकवून वाडीवस्तीवर जाणारा पोस्टमन हे वर्षानुवर्षे याच वाटांनी सायकल हाकीत आले. या छंदासाठी मुद्दाम बनविलेल्या सायकलींचे टायर साधारणपणे दीड ते दोन इंच रुंद असतात. खेड्यातील जुन्या दांडीच्या सायकलीचा टायरही दीड इंचाचाच! फरक आहे तो वजनात, ब्रेकमध्ये आणि मुख्यत्वे गिअरमध्ये. सपाटीवर दोन्ही सायकली जवळजवळ सारख्याच चालतात. चढ लागला की साध्या सायकलीचा स्वार खाली उतरतो.

चढाचे गणित

म्हणूनच मार्गाची प्रतवारी करताना पहिला विचार चढाचा करावा लागतो. नुसत्या अंतराने काहीच कळत नाही. ८० मीटरची उंची ८ किलोमीटरांत गाठावयाची असेल तर चढ शेकडा एक पडतो. तो शाळकरी मुलासही जाणवत नाही. तीच उंची एका किलोमीटरात गाठावयाची झाल्यास चढ शेकडा आठ होतो आणि तेथे बिनगिअरच्या सायकलीवरील धडधाकट माणूसही दमतो. मार्गाच्या फलकावर अंतराबरोबर चढ लिहिला नाही, तर तो फलक अर्धवट ठरतो.

दुसरा विचार भूमीचा. दबलेला मुरूम ही सायकलीस सर्वांत मानवणारी जमीन. सुटी खडी उतारावर चाक घसरविते; नवख्याचे हात तेथेच मोडतात. काळ्या मातीची तऱ्हा तर निराळीच आहे. उन्हाळ्यात ती दगडासारखी टणक व भेगाळलेली असते, आणि पहिल्या पावसानंतर तीच माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी गच्च भरते की चाक फिरेनासे होते व सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पौषात जो मार्ग सुगम, तोच आषाढात अगम्य. सबब प्रतवारी ऋतुमानानुसार असली पाहिजे.

सोपी दिसणारी वाट

कालव्याच्या कडेने पाहणीसाठी ठेवलेला कच्चा रस्ता नवशिक्यास आदर्श वाटतो. एकोणिसाव्या शतकात बांधलेला नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती, इंदापूर या तालुक्यांतून जमिनीच्या उंचसखलपणाला वळसे घालीत जातो. पाणी संथपणे वाहावे म्हणून कालव्याचा उतार किलोमीटरमागे हातभर असतो-नसतो. पायांना असा रस्ता फार सुखाचा. परंतु भराव अरुंद, कठडा नाही आणि आवर्तन सुटलेले असताना शेजारी खोल, वेगवान पाणी, अशी तेथील परिस्थिती असते. लहान मुलांच्या दृष्टीने ही वाट सोपी म्हणता येणार नाही. शिवाय असे रस्ते जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत असल्याने परवानगीवाचून तेथून मार्ग आखता येत नाही. श्रम किती आणि धोका किती, हे दोन वेगळे प्रश्न असून त्यांची उत्तरे वेगवेगळी लिहिली पाहिजेत.

जुन्नरच्या परिसरात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. तेथील उसाच्या शेतांतून बिबट्याचा वावर आहे; सपाट, सोपी वाटही पहाटे व तिन्हीसांजेला वर्ज्य ठरते. याच तालुक्यातील नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत सायकल जाते. पुढे कोकणात उतरणारी सातवाहनकालीन दगडी वाट मात्र पायीच उतरावयाची. सायकल कोठे थांबते, हे सांगणे हाही मार्गदर्शनाचाच भाग होय. तद्वतच जांभ्या दगडाच्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणारी नाजूक फुलझाडे चाकाखाली चिरडू नयेत, यासाठी ठरलेली वाट सोडण्यास तेथे मनाई असावी.

मुलींची रोजची वाट

हे सारे पर्यटकांपुरते आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः कच्च्या रस्त्यांवरील नित्याचे स्वार म्हणजे शाळकरी मुले, आणि त्यातही मुली. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांत ८ वी ते १२ वीपर्यंतच्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्यात येतात. सायकल मिळाली, पण तिच्याजोगती वाट आहे काय?

एखाद्या टेकडीवरील वस्तीचे उदाहरण घेतले तर हा प्रश्न उघड होतो. सकाळी शाळेकडे उतार. मुलगी पंधरा मिनिटांत पोहोचते. सायंकाळी तीच वाट चढाची. दप्तर पाठीवर, पोटात भूक, आणि निम्मी वाट सायकल हाती धरून चालावयाची. घरी पोहोचेतो दिवेलागण होते. आईवडिलांस काळजी वाटते आणि पावसाळ्यानंतर शाळा सुटते. कागदोपत्री मात्र मार्ग चार किलोमीटरांचा आणि "सोपा"! जाण्याची आणि येण्याची प्रत निराळी असते, हे ज्याने त्या वाटेवर सायकल चालविली नाही त्यास उमगत नाही.

पंचायतीने करावयाचे काम

यासाठी फार खर्च लागत नाही. आठवीतील एक मुलगी, एक दूधवाला आणि साठी उलटलेले एक गृहस्थ अशा तिघांनी आपापल्या सायकलीवरून तोच मार्ग दोन्ही दिशांनी एकदा कोरड्या दिवसांत व एकदा पावसाळ्यात पार करावा. कोणास किती वेळ लागला, कोण कोठे उतरले, पाणी कोठे मिळाले, पंक्चर काढणारा कोठे आहे, ओढा कधी आडवा येतो, याची नोंद शिक्षकांनी ठेवावी. त्यावरून सुगम, मध्यम व कठीण अशी तीन प्रतींत वर्गवारी करून शाळेच्या भिंतीवर नकाशा रंगवावा. प्रत ठरविताना तिघांतील सर्वांत दुबळ्या स्वाराचा अनुभव प्रमाण मानावा. भूगोलाचा व गणिताचा याहून चांगला पाठ कोणता?

या पाहणीत गावनकाशा सोबत असावा. त्यावर तुटक रेषांनी दाखविलेल्या कित्येक पाणंदी आज जागेवर आढळत नाहीत. कोणी बांध सरकविला, कोणी काटेरी कुंपण घातले. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ अन्वये वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात, तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ अन्वये बांधावरून रस्ता मिळण्याची मागणी करता येते. पाणंदींच्या मजबुतीसाठी २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना जाहीर झाली. कायदा आहे, योजना आहे. तथापि जी वाट कोणी वापरीत नाही तिच्यासाठी भांडावयासही कोणी उभे राहत नाही. रोज दहा सायकली जिच्यावरून जातात, ती पाणंद सहसा कोणी नांगरीत नाही.

शहरातून आलेला हौशी स्वार अशा गावी थांबेल, पिठलेभाकरी खाईल, चार पैसे गावात ठेवील, हा लाभ आहेच. परंतु मार्गाची खरी कसोटी त्याच्या गिअरच्या सायकलीवर लागत नाही. संध्याकाळी चढावर सायकल ढकलीत येणारी मुलगी ज्या दिवशी दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचेल, त्या दिवशी त्या मार्गाची प्रत बरोबर लावली गेली, असे पंचायतीने समजावे.