मुंबई–पुणे : प्रवास कोणाचा, सोय कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मुंबईहून पुण्यास जावयाचे तर कशाने जावे, हा प्रश्न वरकरणी अगदी घरगुती वाटतो. आगगाडी स्वस्त, बस सोयीची, मोटार सुखाची, असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. परंतु ज्या समाजात प्रवासाची साधने सर्वांच्या आवाक्यात सारखी नाहीत, तेथे 'कशाने जावे' या प्रश्नाआड 'कोणते साधन कोणासाठी उभे केले गेले' हा दुसरा प्रश्न दडलेला असतो. आज या दुसऱ्या प्रश्नाचा विचार आपण करू.

या दोन शहरांच्या मध्ये बोरघाट उभा आहे. १८३० मध्ये तेथे गाडीरस्ता खुला झाला, तर १८६३ मध्ये लोहमार्ग घाट चढून वर आला. सदतीस फुटांस एक फूट अशा चढावर ते काम करताना पटकी आणि अपघात यांनी हजारो मजुरांचे बळी घेतले. ते बांधणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या भागधारकांना मात्र सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा झाला तर कंपनीचा, तोटा आला तर येथल्या करदात्या रयतेचा, असा तो व्यवहार होता. ही जुनी गोष्ट विसरू नये, कारण तिची रीत पुरती जुनी झालेली नाही.

आता साधनांची तुलना करू. पहिली आगगाडी. मुंबई ते पुणे हे लोहमार्गाचे अंतर १९२ किलोमीटर आहे. एक गाडी हजाराहून अधिक माणसे एका वेळी नेते. दरडोई इंधन, दरडोई जागा आणि दरडोई धोका या तिन्ही कसोट्यांवर तिची बरोबरी रस्त्यावरचे कोणतेही वाहन करू शकत नाही. पासधारक नोकरदार, विद्यार्थी, मुंबईच्या रुग्णालयात तपासणीसाठी निघालेला गरीब रुग्ण या सर्वांचा आधार तीच आहे.

मग तिची आजची स्थिती काय? १९३० मध्ये सुरू झालेली दख्खनची राणी त्या काळी सुमारे पावणेतीन तासांत पुणे गाठीत असे. आज तिला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. तिचे थांबे वाढले, हे एक कारण; ते थांबे लोकांना हवेच होते. परंतु खरे कारण असे की लोणावळा ते पुणे या टप्प्यावर रूळ दोनच आहेत आणि १९७८ पासून धावणाऱ्या लोकल, मालगाड्या व लांब पल्ल्याच्या गाड्या या सर्वांना त्या दोन रुळांवरूनच वाट काढावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई–सोलापूर 'वंदे भारत' सुरू झाली. ती दिसावयास देखणी आहे, मागून इंजिन न लावता घाट चढते. परंतु पुण्यास पोहोचावयास तिलाही तीन तासांच्या आसपास लागतात. रूळ वाढविल्यावाचून नुसता डबा बदलल्याने वेग वाढत नाही. शिवाय तो डबा संपूर्ण वातानुकूलित आहे. आयत्या वेळी अनारक्षित तिकीट काढणाऱ्या माणसास त्यात पाय ठेवता येत नाही.

दुसरे साधन एस.टी. बस. आगगाडीची उणीव अशी की ती स्थानकापाशी सोडते. तेथून घर गाठण्यास आणखी दोन वाहने करावी लागतात. बोरिवलीच्या माणसास स्वारगेटला जावयाचे असेल तर बसच सोयीची, हे मान्य केले पाहिजे. २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे पडते, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२२ पासून प्रवासच विनामूल्य आहे. याउलट रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये महामारीच्या निमित्ताने काढून घेतली. एक सार्वजनिक संस्था तोट्यात असूनही सवलत देते आणि दुसरी देत नाही, हा फरक धोरणाचा आहे.

तिसरे साधन खाजगी मोटार. २००२ मध्ये पूर्ण झालेला सुमारे ९५ किलोमीटरांचा सहापदरी द्रुतगती मार्ग मुख्यतः तिच्यासाठी आहे. दुचाकी व रिक्षा यांना त्यावर मज्जाव आहे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दरानुसार एका फेरीस मोटारीला ३२० रुपये आणि बसला ९४० रुपये पथकर पडतो. माणशी हिशेब केला तर बस स्वस्त दिसते. परंतु हिशेब रस्त्याच्या जागेचा करून पाहा. चाळीस माणसे दोन-दोन करून मोटारींनी निघाली तर वीस मोटारी रस्त्यावर येतात. एक बस त्या वीस मोटारी रस्त्यावरून हटविते. ज्या वाहनाने कोंडी कमी होते, त्याच्याकडून जवळजवळ तीन मोटारींचा पथकर घ्यावयाचा, हे कोणत्या न्यायाने? २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने या मार्गावर विजेच्या मोटारींना पथकरमाफी देऊ केली. विजेच्या बसलाही ती आहे, हे चांगलेच. पण म्हणजे ऐपतवानाची एकट्याची नवी मोटार फुकट जाणार, आणि चाळीस माणसांची डिझेलवरची एस.टी. पैसे मोजणार! हवा स्वच्छ राखण्याचा हेतू कोणीही नाकारणार नाही. त्याची किंमत बसच्या तिकिटात शिरू नये, एवढेच म्हणणे आहे.

चौथे साधन स्वप्नातले होते. पंचवीस मिनिटांत पुणे, अशी 'हायपरलूप'ची घोषणा २०१८ मध्ये मोठ्या समारंभाने झाली. ती कंपनी २०२३ च्या अखेरीस बंद पडली. एकही माणूस तिने पुण्यास नेला नाही. घाटातली कोंडी टाळण्यासाठी द्रुतगती मार्गाला सुमारे १३ किलोमीटरांचा, बोगदे व उंच पूल असलेला नवा जोडरस्ताही साडेसहा हजार कोटींहून अधिक खर्चाचा अंदाज धरून हाती घेण्यात आला. तो रस्ता नको, असे मी म्हणत नाही. घाटातल्या अपघातांत माणसे मरतात. सुरक्षित रस्ता सर्वांनाच हवा. परंतु मोटारीची वीस-पंचवीस मिनिटे वाचविण्यासाठी एवढा निधी उभा राहतो, आणि लोणावळा–पुणे मार्गावरील जादा रुळांची मागणी मात्र वर्षानुवर्षे कागदावर फिरत राहते, यातून कोणाच्या वेळेस किंमत आहे आणि कोणाच्या नाही, हे स्पष्ट होते.

कोणी म्हणेल, लोकांनाच मोटार हवी आहे. हवी असेलही. पण ज्या मुलीला सकाळच्या गाडीत उभे राहावयासही जागा मिळत नाही, तिने कर्ज काढून दुचाकी घेतली तर ती तिची आवड म्हणावी काय? पर्याय आधी कुजवावयाचा आणि लोकांनी तो सोडला म्हणून त्यांनाच दोष द्यावयाचा, ही फसवणूक आहे.

म्हणून आपल्या मागण्या मोजक्या आणि नेमक्या असाव्यात. लोणावळा–पुणे मार्गावर जादा रूळ टाका. प्रत्येक नव्या गाडीबरोबर सामान्य डबेही वाढवा. ज्येष्ठांची रेल्वे सवलत पुन्हा द्या. सर्व सार्वजनिक बसना पथकरातून मुक्त करा आणि त्यांच्यासाठी स्थानकापासून गावापर्यंतची जोडसेवा उभी करा. यांतील एकाही मागणीसाठी नवे तंत्रज्ञान शोधावयाचे नाही. आपापल्या गावच्या स्थानकावर आणि आगारात जाऊन प्रवाशांशी बोला, त्यांच्या अडचणी लिहून घ्या, आणि तो कागद लोकप्रतिनिधींपुढे ठेवून उत्तर मागा. हे काम उद्यापासून सुरू करता येईल.