कारकुनाचा कॅमेरा

शाळामास्तरानें चित्रपटावर बोलावें हें कोणास विपरीत वाटेल. परंतु आज ज्या इटालियन गृहस्थांविषयीं मला सांगावयाचें आहे, ते एर्मान्नो ओल्मी आधीं कारकून होते व मग दिग्दर्शक झाले. आणि कारकून घडविण्यांत तर माझी सारी हयात गेली!

ओल्मींचा जन्म १९३१ सालीं बेर्गामो येथें झाला. वडील महायुद्धाच्या काळांत वारले. आई एडिसन या वीज कंपनींत नोकरीस होती. चिरंजीवही मिलान शहरीं त्याच कंपनींत कारकून म्हणून लागले. तेथें नोकरांच्या नाट्यप्रयोगांत ते रमूं लागले, आणि पुढें कंपनीसाठीं कॅमेरा चालवूं लागले. धरणें, विजेच्या तारा, डोंगरांत राबणारे मजूर यांवर त्यांनीं थोडेथोडके नव्हे, सुमारें ४० लघुपट काढले. धरणाच्या पहारेकऱ्यावर असाच एक लघुपट काढावयास निघाले, तों १९५९ सालीं त्याचा पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. १९७८ मध्यें कान येथील सर्वोच्च पारितोषिक त्यांना मिळालें व २०१८ सालीं ते निवर्तले. पण तो पुढचा भाग.

माझा जीव गुंतला आहे तो १९६१ च्या 'इल पोस्तो'मध्यें. इल पोस्तो म्हणजे नोकरीची जागा. मेदा गांवचा दोमेनिको मिलानच्या एका मोठ्या कंपनींत परीक्षा देण्यास येतो. गणित सोडवावयाचें, कवायत करून दाखवावयाची, चमत्कारिक प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं! एकदां चिकटला कीं जन्माची ददात मिटली, अशी घरच्यांची समजूत. हेंच मीं किती पालकांस ऐकविलें असेल!

त्यास आरंभीं शिपायाचें काम मिळतें. मग एक कारकून मरतो. तो रात्रीं गुपचूप कादंबरी लिहीत असे. तिचीं पानें त्याच्या टेबलाच्या खणांत सांपडतात. येथें मला माझा एक विद्यार्थी आठवला. त्यास चित्रें काढण्याचा नाद होता. त्याची वही मीं परीक्षेपुरती म्हणून काढून घेतली. पुढें त्यास कचेरींत जागा मिळाली, तो पेढे घेऊन आला. वही त्यानेंही मागितली नाहीं व मींही दिली नाहीं. ती अजून माझ्या कपाटांत आहे.

मेलेल्याच्या टेबलावर दोमेनिकोस बसवितात, तोंच मागील रांगेंतला एक जुना कारकून तक्रार करतो कीं, मी २० वर्षें येथें आहें. झालें! सारे एकेक टेबल पुढें सरकतात, आणि मुलगा अगदीं शेवटच्या टेबलाशीं, अंधुक दिव्याखालीं जाऊन बसतो. प्रती काढण्याच्या यंत्राचा खडखडाट सुरू होतो. मुलगा नुसता समोर पाहत राहतो.