कामातून पैशाशिवाय काय मिळतं?

गटाच्या बैठकीत आम्ही कागद-पेन घेऊन बसलो की एखादी मावशी हटकून विचारते, "बाई, तुम्ही एवढं लिहून नेता, त्याचं पुढं होतं काय?" आम्ही तिघी कॉलेजात शिकवतो आणि बायकांच्या कामाचा अभ्यास करतो. किती तास राबता, हातात किती पडतं, अंग कुठं दुखतं, मनाला काय वाटतं, असं विचारत फिरतो. मावशीचा प्रश्न रास्त आहे. म्हणून आज अशाच एका अभ्यास करणाऱ्या बाईची माहिती सांगणार आहोत.

तिचं नाव मारी याहोडा. जन्म १९०७ सालचा, ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहरातला. त्या शहराजवळ मारिएनथाल नावाचं गाव होतं. गाव कसलं, कापडगिरणीच्या आधारानं वाढलेली वस्तीच. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव घरी बसलं. बेकार भत्ता मिळायचा, पण तोही ठरावीक मुदतीपुरता. १९३१ च्या अखेरीला मारी आणि तिचे सोबती तिथं पोचले. मारी तेव्हा चोवीस वर्षांची होती.

त्यांनी आधीच एक नियम केला होता. नुसतं बघायला म्हणून कुणी जायचं नाही, गावाच्या काही तरी उपयोगी पडायचं. मग त्यांनी शहरातून जुने कपडे गोळा करून घरोघर दिले. बायकांसाठी आणि लेकरांसाठी डॉक्टर आणले, कपडे बेतायचा वर्ग काढला, मुलींसाठी कसरतीचा वर्ग घेतला. हे करता करता लोक बोलू लागले. आम्हाला विचाराल तर त्या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. माणसाचं दुःख वहीत उतरवून घ्यायचं आणि एस.टी. पकडायची, हे बरं नव्हे.

त्यांना काय दिसलं ते ऐका. वाटेल की हाताला काम नाही म्हणजे वेळच वेळ. माणसं वाचतील, गप्पा मारतील. झालं उलटंच. वाचनालयाची फी माफ केली, तरी पुस्तकं नेणारे कमी झाले. मंडळी खिडकीआड बसून रस्त्यानं जाणारी माणसं बघायची, कोण किती झपझप चालतं, किती वेळा थांबतं. पुरुष पाय ओढत चालायचे, मध्येच थांबायचे. बहुतेकांनी खिशात घड्याळ ठेवणंच सोडलं होतं. दिवसभर काय केलं हे त्यांना सांगता येईना.

आणि बायका? त्या भराभर चालत होत्या. गिरणी बंद झाली तरी चूल कुठं बंद झाली होती! उलट कमी पैशात भागवायचं, जुनं उसवून लेकराला नवं शिवायचं, हे काम वाढलं होतं. पूर्वी गिरणीतून येऊन रात्री उशिरापर्यंत घरकाम करायच्या. तरी बहुतेकजणी म्हणाल्या, गिरणी सुरू झाली तर आम्ही परत जाऊ, आणि ते नुसत्या पैशासाठी नाही. चार भिंतींबाहेर पडता येतं, चार बायका भेटतात. आता आपल्या गटाची बैठक आठवा. कर्जाचा हप्ता भरायला पाच मिनिटं लागतात, मग आपण दीड तास का बसतो?

या अभ्यासाचं पुस्तक १९३३ साली निघालं. पुढं १९३६ मध्ये तिथल्या हुकूमशाही सरकारनं मारीला तुरुंगात टाकलं. देश सोडायच्या अटीवर सुटका झाली. ती इंग्लंडला गेली, काही वर्षं अमेरिकेत राहिली, परत इंग्लंडला येऊन ससेक्स विद्यापीठात प्राध्यापक झाली. उभी हयात तिनं कामाचा आणि माणसाच्या मनाचा संबंध तपासला. काम असलं की दिवसाला आकार येतो, घराबाहेरची माणसं भेटतात, आपल्या हातून चारचौघांच्या उपयोगाचं घडतंय हे कळतं, लोकांत ओळख राहते, हातपाय चालते राहतात. पगाराचा हिशोब याहून वेगळा.

मात्र याचा अर्थ मिळेल ते काम चांगलं असा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९९ साली सन्मानाच्या कामाची कल्पना मांडली. वाजवी मोबदला, सुरक्षित जागा, आजारपणात आधार, आपलं म्हणणं मांडायची मोकळीक, बाई-पुरुषाला सारखी वागणूक. या मापानं आपली ऊसतोड मोजून बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. एक दिवस पाळीच्या दुखण्यानं उठता आलं नाही की खाडा. बीड जिल्ह्यात सरकारी समितीनं २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. या बाया आपापल्या घरात दुखणं सोसतच होत्या. मोजलं तेव्हा तो आकडा सरकारदरबारी गेला. मावशी, लिहून नेण्याचा एक उपयोग हा.

पण लिहिलेलं तुमच्याकडंही राहिलं पाहिजे. पुढच्या बैठकीआधी एक करा. उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलं, किती वाजता, हे एका दिवसाचं लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला सांगा. पाणी भरणं, शेण काढणं, सासूबाईंना दवाखान्यात नेणं, सगळं धरा. स्वतःसाठी बसलात, तेही लिहा. जमलं तर घरच्या पुरुषाचाही एक कागद करून घ्या, दोन्ही शेजारी ठेवा. कागद आम्हाला देऊ नका, गटाच्या दप्तरात ठेवा. आणि आम्ही किंवा दुसरं कुणी पाहणीला आलं, तर आधी विचारा, "यातलं आम्हाला परत काय सांगणार, आणि कधी?" तारीख सांगितली की तीही वहीत टिपून घ्या.